गव्हाच्या डब्यातल्या नोटा

लग्नानंतरची सात वर्षं महिन्याच्या २० तारखेला मी शेजारी उसने मागायला जायची. नवऱ्याचा पगार बरा होता. तो जातो कुठे, तेच कळत नव्हतं. थोरलीची फी थकली तेव्हा सासूबाईंनी गव्हाच्या डब्यात हात घालून ५००च्या चार नोटा काढल्या. म्हणाल्या, "उरलं की ठेवीन म्हणशील तर कधी उरायचं नाही. आधी बाजूला काढ, मग यादी कर."

पुढच्या पगाराचे पहिले ५०० पोस्टात गेले, आवर्ती ठेवीत. हे खातं दरमहा १०० रुपयांपासून उघडतं, मुदत ५ वर्षं. ६० हप्त्यांत माझे ३०,००० आणि वर व्याज. हप्ता चुकला की दंड; मला तोच धाक हवा होता.

गल्लीतली भिशीही धरली. १२ जणी, महिना १,०००. चिठ्ठी निघेल तिला १२,०००. पहिल्या नंबरवालीला ते बिनव्याजी कर्जच. शेवटच्या नंबरवालीची नुसती बचत, तीही बिनव्याजी. कागद नसतो, म्हणून मी ओळखीच्या बायकांतच बसते.

घरात मोठं काही बदललं नाही. डाळ भिजवून कुकरला लावते, गॅस वाचतो. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा मुलं मागून खातात. किराण्याची यादी मात्र आता थोरलीच लिहिते, दरांसकट.

परवा धाकट्याने सायकल मागितली. मी पासबुक काढलं. आम्ही दोघांनी बोटांवर महिने मोजले. चार राहिलेत.