रक्त-लघवीची भाषा : गांजाची खूण किती दिवस राहते?

फेब्रुवारी १९९८. जपानमधल्या नागानो इथं हिवाळी ऑलिंपिक सुरू होतं आणि स्नोबोर्डिंग हा खेळ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आला होता. कॅनडाच्या रॉस रेबॅग्लियाटीनं त्यात सुवर्णपदक जिंकलं. मग त्याच्या लघवीचा अहवाल आला. गांजाच्या अवशेषाचं प्रमाण दर मिलिलिटरमागे १७.८ नॅनोग्रॅम, आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची मर्यादा होती १५. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. पदक काढून घेतलं गेलं. त्याचं म्हणणं होतं की, आपण स्वतः कित्येक महिन्यांत गांजा ओढलेला नाही, मित्रांच्या धुरात मात्र बसलो होतो. क्रीडा लवादानं काही दिवसांतच पदक परत दिलं. मात्र त्याचं कारण वेगळं होतं : ऑलिंपिक समितीच्या बंदीच्या यादीत तेव्हा गांजा नव्हताच. तो नेमका केव्हा ओढला होता, हे त्या आकड्यानं सांगितलं नाही. तसा आकडा ते सांगूच शकत नाही.

आधी दारूचा हिशोब पाहू. दारू पाण्यात मिसळते आणि यकृत तिला जवळजवळ ठरावीक वेगानं संपवतं. म्हणून रक्तातल्या दारूवरून माणूस आत्ता किती प्यालेला आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. गांजाला तोच न्याय लावायला गेलं की घोटाळा सुरू होतो.

गांजातला नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हा रेणू पाण्यात जवळपास विरघळत नाही, चरबीत मात्र सहज मुरतो. चिलीम ओढली की काही मिनिटांतच रक्तातलं त्याचं प्रमाण शिगेला पोचतं आणि पुढच्या दोन-तीन तासांत झपाट्यानं उतरतं. पण त्यातलं बरंचसं शरीराबाहेर गेलेलं नसतं, चरबीत जाऊन बसलेलं असतं. तेलकट कढई नुसत्या पाण्यानं धुवावी तसं ते पुढं दिवसेंदिवस थोडंथोडं सुटत राहतं. यकृत त्याचं आधी हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, त्यानंही नशा चढते. मग कार्बॉक्सी-टीएचसी तयार होतं. त्यानं काहीही चढत नाही.

लघवीच्या चाचणीत शोधला जातो तो हा शेवटचा पदार्थ. नशा संपल्यानंतरचा, निष्क्रिय. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

आता दिवसांचा हिशोब. लघवीच्या प्राथमिक चाचणीसाठी जगभर बहुधा ५० नॅनोग्रॅमची रेषा वापरतात. एखाद्यानं एकदाच ओढला असेल तर साधारण तीन दिवसांत तो या रेषेखाली येतो. आठवड्यातून काही वेळा ओढणाऱ्याला आठवडाभर किंवा जास्त लागतो. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतरही महिनाभर, क्वचित त्याहून अधिक काळ अवशेष सापडतात. लाळेत तो एक-दोन दिवस, फार तर तीन दिवस दिसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून मुळापासूनचे तीन-चार सेंटिमीटर केस तपासले तर सुमारे तीन महिन्यांचा मागोवा लागतो. एकाच वेळी एकाच प्रमाणात ओढलेल्या दोघांचे अहवालही सारखे येत नाहीत. अंगातली चरबी, ओढण्याची सवय, यकृताचा वेग, सगळंच वेगळं असतं. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात नियमित गांजा ओढणाऱ्यांना ३५ मिनिटं सायकल मारायला लावली, तेव्हा त्यांच्या रक्तातलं टीएचसी किंचित वाढलं. चरबी वापरली गेली की तिच्यातलं टीएचसीही सुटतं.

लिंबूपाणी, व्हिनेगर, ताक, ‘डिटॉक्स’च्या बाटल्या यांच्या नादी लागू नका. चरबीत मुरलेलं त्यांनी निघत नाही. भरमसाट पाणी प्यायलं तर लघवी पातळ होते, आणि प्रयोगशाळा क्रिएटिनिन आणि घनता तपासून ते ओळखते.

धुराचं काय? अमेरिकेत बंद, वारा नसलेल्या खोलीत दाट धुरात न ओढणाऱ्यांना बसवून पाहिलं, तेव्हा ५० ची रेषा ओलांडणारा एखादाच निघाला. हवा खेळती असेल तर प्रमाण कितीतरी कमी भरलं. लग्नाच्या मांडवात कुणी शेजारी ओढत होता, एवढ्यानं अहवाल पॉझिटिव्ह येत नाही.

खरा पेच आपल्या कायद्यात आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून नुसत्या पानांची भांग या केंद्रीय कायद्यात बसत नाही. तिच्यावर राज्याराज्यांचे वेगळे नियम आहेत. गांजाच्या सेवनाला मात्र याच कायद्याच्या कलम २७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण टीएचसी पानात असो की फुलात, रेणू एकच. होळीला भांगेची थंडाई घेतलेला आणि चिलीम ओढलेला, दोघांच्या लघवीत कार्बॉक्सी-टीएचसीच उतरतं. कायदा जो फरक करतो तो ही चाचणी करू शकत नाही. केवळ लघवीच्या अहवालावर एखाद्या पोराला गुन्हेगार ठरवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी आहेत असा नाही. ३१ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अशी अचानक तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. शेकडो जीव ज्यांच्या हाती असतात त्यांच्यासाठी कडक नियम योग्यच आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं मात्र २०१३ मध्ये आपली मर्यादा १५ वरून थेट १५० नॅनोग्रॅमवर नेली. स्पर्धेच्या काळात घेतलेला गांजा पकडायचा, आधीच्या आठवड्यांतला नाही, हा त्यामागचा विचार. दुसरीकडे, लघवी कोरी आली म्हणून माणूस गाडी चालवायला शुद्धीत आहे असंही नाही. नुकत्याच ओढलेल्याच्या लघवीत अवशेष उतरायला काही तास लागू शकतात.

आई-वडिलांना आणि मालकांना एक विनंती. किटवरची एक रेघ म्हणजे निकाल नव्हे. ॲसिडिटीसाठी घरोघरी घेतलं जाणारं पॅन्टोप्राझोलसुद्धा प्राथमिक चाचणीत खोटा पॉझिटिव्ह देऊ शकतं. घेत असलेल्या औषधांची यादी प्रयोगशाळेला द्या आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीनं केलेल्या पुष्टी चाचणीचा लेखी अहवाल मागा. मूल खरंच अडकलं असेल, तर पोलीस ठाण्याआधी डॉक्टरकडे जा. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे, आणि केंद्र सरकारची निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे १४४४६.