मांडवातला उजेड

लग्नसराईच्या अंकासाठी काहीतरी द्या, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पैठण्या आणि पंगती असाव्यात. मी मात्र फ्लॅश न वापरता लग्नं टिपणाऱ्या माणसांच्या शोधात निघालो. अलीकडे लग्नाचे जे फोटो मला थांबून पाहावेसे वाटतात, त्यात कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नसतं, पाठीमागच्या भिंतीवर काळी सावली नसते, आणि चेहऱ्यावरचा उजेड त्या खोलीत आधीपासून असलेलाच असतो. हे कसं साधतं, ते जवळून बघायचं होतं.

जिच्या मागे मी लग्नभर फिरलो, ती कोल्हापूरची. नाव छापायचं नाही, एवढीच तिची अट. मांडवातले सगळे तिला ‘ताई’ म्हणत होते, तेव्हा इथेही ताईच.

या कलेची पाळंमुळं लग्नात नाहीत, कोर्टात आणि परिषदांत आहेत. एरिक सालोमन या जर्मन छायाचित्रकारानं १९२८ साली बर्लिनच्या न्यायालयात टोपीत कॅमेरा लपवून फोटो काढले. त्याचा एर्मानॉक्स कॅमेरा काचेच्या प्लेटांवर चाले, पण उजेड आत घेण्यात लेन्स त्या काळी अचाट होती, एफ १.८ ची. १९३० च्या हेग परिषदेत रात्री उशिरा पेंगुळलेले मंत्री त्यानं दिव्याच्याच उजेडात टिपले. पुढे १९४४ साली तो आउश्वित्झमध्ये मारला गेला. १९५४ मध्ये कोडॅकची वेगवान ट्राय-एक्स फिल्म छोट्या कॅमेऱ्यांसाठी आली आणि वृत्तछायाचित्रकारांना मोकळीक मिळाली. लग्नांपर्यंत ही मोकळीक पोचायला डिजिटल कॅमेरा यावा लागला. २००७ च्या निकॉन डी३ वर आयएसओ ६४०० इतकी संवेदनशीलता ठेवून काढलेला फोटो छापण्याजोगा निघू लागला आणि अंधारी मंगल कार्यालयं एकदम आवाक्यात आली. तोवर आपल्याकडे लग्नाचा फोटो म्हणजे दोन खुर्च्या, फ्लॅशचा लखलखाट आणि व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनपुढे घामाघूम झालेली नवरी.

ताई कार्यालयात पोचली तेव्हा सनईची कॅसेटसुद्धा लागली नव्हती. बॅग उघडण्याआधी तिनं सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या. कुठल्या खिडकीतून किती वाजेपर्यंत ऊन येईल, कुठली भिंत पांढरी आहे, कुठल्या भिंतीचा हिरवा रंग गालांवर उतरेल, ते मनाशी टिपून घेतलं. वधूपक्षाच्या खोलीत गेल्यावर तिनं पहिल्यांदा ट्यूबलाइट बंद केली आणि पडदा सारला. मग एक प्लास्टिकची खुर्ची उचलून खिडकीपासून हातभर अंतरावर, किंचित तिरकी ठेवली. एवढंच. नवरीची मावशी आत आली, तेव्हा ताई सहज म्हणाली, “मावशी, इकडं बसा की. वारं येतंय.” मावशी बसली, मग मुंडावळ्या बांधायला नवरी तिच्यापुढे बसली. मावशीनं गाठ मारता मारता काहीतरी कानात सांगितलं, नवरी हसली, आणि शटरचा आवाजही न होता ते टिपलं गेलं.

खुर्ची हलवल्यावर फोटो खरा राहतो का, असा वाद या धंद्यात आहे. माझं मत ताईच्या बाजूचं आहे. तिनं माणसांना हात लावला नाही, हसायला सांगितलं नाही, ‘पुन्हा एकदा’ म्हणाली नाही. जे घडणार होतं ते उजेडात घडावं, एवढीच सोय केली.

त्या खोलीत ती ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.४ वर वापरत होती. दोन मीटरवरून पाहिलं तर या लेन्समध्ये जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा धरला की कान धूसर. माणूस बोलताना मान हलवतो तेवढ्यानंही फोकस सुटतो. एफ २.८ वर हा पट्टा दुप्पट होतो, पण प्रकाश चौपट कमी. तिची सकाळ या सौद्यातच जाते.

मला खरी भूल पाडली ती अंतरपाटानं. कार्यालयाचं मोठं दार नवरीच्या पाठीशी होतं. म्हणजे तिचा चेहरा सावलीत जायला हवा होता. पण दारातून आलेला उजेड तिच्या समोरच्या पांढऱ्या कापडावर पडून तिच्याच चेहऱ्यावर परतत होता. खाली घातलेली नजर, नथीचे मोती, हनुवटीखालची कातडी, सगळं त्या मऊ उजेडात दिसत होतं. कुठल्याही स्टुडिओला हेवा वाटावा असा परावर्तक दोन गुरुजींनी हातात धरला होता. पलीकडे नवऱ्याला दाराचा थेट उजेड अडलेला. मंगलाष्टका संपतात, अंतरपाट खाली येतो, आणि हे गणित एका क्षणात उलटतं: नवरीचा परतीचा उजेड गेला, नवऱ्याचा चेहरा झळाळला. आणि नेमक्या याच क्षणी ती दोघं एकमेकांकडे बघणार असतात.

ताई बाजूला, कापडाच्या कडेशी उभी होती. शेवटच्या ‘सावधान’च्या आधी तिचा अंगठा मागच्या चकतीवर गेला. तिच्या कॅमेऱ्यात चकतीचे तीन टक म्हणजे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश. अंतरपाट सुटला तसे तिनं डोळा न काढता तीन टक मोजून फिरवले. आदल्या तासाभरात रिकाम्या बोहल्यावर पांढरा टॉवेल धरून आणि काढून तिनं हा फरक मोजून ठेवला होता.

पण त्याच क्षणी अक्षता पडतात, आणि इथून अडचणींना सुरुवात होते.

सेकंदाला तीनेक मीटर वेगानं येणारा दाणा हवेत थिजवायचा तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाचं तरी हवं. पण आपल्या विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा. चोकवाली ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, पण पाचशेव्या भागाच्या शटरला कळतं. एक फ्रेम उजळ, पुढची मळकट, तिसरीत अर्ध्या चेहऱ्यावर काळपट पट्टा. शंभराव्या भागाचं शटर ठेवलं की एक पूर्ण आवर्तन मावतं आणि उजेड सारखा येतो, मात्र दाणा तेवढ्यात तीन सेंटिमीटर सरकून त्याची रेघ होते. २०१४ च्या कॅननच्या सेव्हन-डी मार्क टू पासून काही कॅमेरे दिव्याचा उच्च बिंदू ओळखून तिथेच शटर उघडू लागले. पण एकाच छताखाली चार जातींचे दिवे असतील तर त्यांचाही निरुपाय होतो. ताई शंभरावरच राहते. अक्षतांच्या रेघा चालतील, म्हणते, चेहरा जाता कामा नये. तिच्या फोटोंत नवराबायकोवर पांढऱ्या रेघांचा पाऊस दिसतो, आणि मला तो थिजलेल्या दाण्यांपेक्षा जास्त खरा वाटतो.

गोरज मुहूर्ताला वेगळी धावपळ. सूर्य मावळल्यावर दर तीन-चार मिनिटांनी उजेड निम्मा होतो. गुरुजींनी मंगलाष्टकं दहा मिनिटं लांबवली तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या फोटोत आठपटींचा फरक.

या सगळ्यावर तिच्याकडे तोड आहे. तोड नाही ती जांभळ्या दिव्यांवर. नवी कार्यालयं एसीसाठी खिडक्या बुजवून बांधली जातात, आणि त्या अंधारात डेकोरेटर गुलाबी-जांभळे एलईडी दिवे लावतो. त्या उजेडात लाल आणि निळा ठासून भरलेला, हिरवा जवळजवळ नाहीच. कॅमेऱ्याचे लाल-निळे बिंदू भरून सांडतात आणि कातडीचा पोत नाहीसा होतो. संगणकावर रंग फिरवून काही परत येत नाही, कारण जो प्रकाश पडलाच नाही तो आणणार कुठून? हळदीनं उजळलेला चेहरा मेणाचा दिसतो. अशा फोटोंना मग कृष्णधवल करून निभावून न्यावं लागतं. पैठणीचा रंग हरवल्याबद्दल बोलणी मात्र फोटोग्राफर खातो. उपलब्ध उजेडात काम करणारी ही माणसं उजेडच उरला नाही तर फ्लॅशकडे परत जातील, ही माझी खरी काळजी आहे. ताईनंही गेल्या हंगामापासून बॅगेत एक फ्लॅश ठेवायला सुरुवात केली आहे.

घरात लग्न ठरलं असेल तर हॉल पसंत करायला मुहूर्ताच्याच वेळी जा. वधूपक्षाच्या खोलीला उघडणारी खिडकी आहे का, ते जेवणाच्या मेन्यूइतकंच बारकाईनं बघा. आणि डेकोरेटरला आगाऊ रक्कम देतानाच बजावून सांगा: अंतरपाट धरल्यापासून हार पडेपर्यंत रंगीत दिवे बंद, साधे पांढरे चालू. त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.