पाव इंची गोळी आणि दोन क्विंटलचा रोही

आधी एक घोळ निस्तरू. काडतूस वेगळं, गोळी वेगळी. पितळी नळकांडं, बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी, हा सगळा संसार म्हणजे काडतूस. उडून जाते ती एकटी गोळी. काडतूस हा शब्द आला पोर्तुगीजांकडून. पुलगावकरांना हा फरक सांगायला नको, आशियातल्या मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक त्यांच्या वेशीवरच आहे.

अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं लाडकं माप म्हणजे पाव इंच. गंमत अशी, की नळीचं भोक .२५० इंचाचं आणि गोळी .२५७ ची, भोकापेक्षा किंचित जाड! नळीच्या आतल्या पिळात ती आवळून बसावी आणि गरगरत सुटावी म्हणून.

लाड का? हलकी गोळी भरली की शेत उकरणारे उपद्रवी प्राणी, जड भरली की हरीण, बंदूक तीच. वजन मोजतात ग्रेनमध्ये. घाबरू नका, सराफाला विचारा. इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. हरणासाठीची १२० ग्रेनची गोळी भरते नेमकी आठ मासे. ८७ ग्रेनची हलकी गोळी अर्ध्या तोळ्यालाही पुरत नाही.

याच ८७ ग्रेनची एक भारी गोष्ट आहे. चार्ल्स न्यूटन यांनी नवं काडतूस बेतलं, त्यांच्या मनात होती १०० ग्रेनची गोळी. पण सॅव्हेज कंपनीला जाहिरातीत सेकंदाला ३००० फूट हा गोल आकडा हवा होता. मग गोळीच हलकी केली! १९१५ साली .२५०-३००० सॅव्हेज बाजारात आलं, वेग थेट नावातच. हा वेग टिकला असता तर गोळी वर्ध्याहून आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामला नऊ सेकंदांत पोचली असती. हवा टिकू देत नाही, हे बरंच.

पाव इंचातली बाकीची दोन गाजलेली काडतुसं उसनवारीची. नेड रॉबर्ट्स यांनी जर्मन ७ मिलिमीटर माउझरच्या काडतुसाची मान आवळली. रेमिंग्टनने १९३४ साली ते .२५७ रॉबर्ट्स म्हणून विकायला काढलं. .२५-०६ म्हणजे लष्करी .३०-०६ ची आवळलेली मान. हौशी लोक ते कित्येक वर्षं घरीच बनवत होते, कंपनीला जाग आली १९६९ मध्ये. दारू जास्त, वेग जास्त, धक्काही जास्त. कागदावरच्या या शर्यतीत माझं मत रॉबर्ट्सला.

आता आपल्याकडे या. परवान्याच्या रायफलीत भारतात ओळखीचं माप .३१५. इंग्रजांना लष्कराची .३०३ गोळी जनतेच्या हाती नको होती, म्हणून हे वेगळं माप रुजलं. गोळी सव्वा तोळ्याहून जड. अमेरिकन पाव इंचीपुढे अगदी पैलवान.

पण मारणार काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली चितळावर नेम धरणं म्हणजे तुरुंगाची वाट. तूर-हरभरा तुडवणारा रोही, म्हणजे नीलगाय, आणि सोयाबीन उकरणारं रानडुक्कर यांनाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. शिवाय रोही ना गाय, ना हरीण, तो कुरंग. हरणाची शिंगं गळून पुन्हा उगवतात, याची गळत नाहीत. मोठा नर दोन क्विंटल भरतो, त्याला आठ माशांची गोळी म्हणजे जरा थट्टाच.

अहिंसेचं काय? सेवाग्रामच्या बापूंनी १९४६ साली ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं, की पीक फस्त करणाऱ्या जनावरांना जगवत माणसाला उपाशी ठेवणं त्यांच्या अहिंसेत बसत नाही. ऐकून भलेभले चमकतात.

आणि रोही अमेरिकेतही पोचलाय! टेक्सासच्या किंग रँचवाल्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तो नेऊन सोडला. आज तिथे हजारोंनी मोकाट फिरतो. शिकारी त्याच्यामागे पैसे मोजून धावतात, तेही पाव इंची घरी ठेवून, मोठी मॅग्नम घेऊन. इकडे वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलाकाठचा शेतकरी मचाणावर बसून पत्र्याचा डबा बडवतोय आणि कुंपणाच्या झटका मशीनची बॅटरी चार्ज आहे ना, ते पुन्हा एकदा बघून येतोय.