तांब्याचा आकडा
मेंढीच्या मानेची शीर डोळ्यांना दिसत नाही, लोकर आड येते. पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतला मदतनीस अंगठ्याने गळ्याची खाच दाबून धरतो आणि शीर फुगली की सुई आत घालतो. रक्त रबरी बुचाच्या साध्या नळीत घ्यायचं नाही. रबरातलं जस्त रक्तात उतरतं, मग मोजलेलं जस्त मेंढीचं की बुचाचं, कोण सांगणार? काचसामान रात्रभर 10 टक्के नायट्रिक आम्लात बुडवलेलं असतं. नळाच्या पाण्याला इथे प्रवेश नाही.

हे रक्त ज्या कळपाचं, त्याला पेंडीबरोबर गाईंचं खनिज मिश्रण मिळत होतं. मेंढपाळाचा प्रश्न सरळ होता, "गाईला चालतंय, मग मेंढराला का न्हाई?" कारण मेंढीला जादा तांबं पित्तावाटे पुरेसं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साचत राहतं. युरोपीय नियमांत खाद्यातल्या तांब्याची कमाल मर्यादा मेंढीसाठी किलोमागे 15 मिलिग्रॅम आहे, मोठ्या गुरांसाठी 30 आणि शेळीसाठी 35. शेळी-मेंढी एका दावणीला बांधणाऱ्यांनी हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

गोठलेलं रक्त यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा काढतात. तो गुलाबी दिसला की मदतनीस कपाळाला आठ्या घालतो. रक्तपेशी फुटल्या आहेत, लोहाचा आकडा आता बिघडणार. पण त्या सुई ओढताना फुटल्या की आधीच मेंढीच्या अंगात? तांब्याच्या विषबाधेत नेमकं हेच होत असल्याने शंका रास्त असते.

मोजणी अणुशोषण यंत्रावर होते. ॲलन वॉल्श यांनी ऑस्ट्रेलियात 1950च्या दशकात ही पद्धत बसवली. पातळ केलेलं सीरम ॲसिटिलीनच्या ज्वालेत फवारलं जातं आणि तांब्याच्या दिव्याचा 324.7 नॅनोमीटरचा प्रकाश त्यातून जातो. जेवढा प्रकाश शोषला जाईल तेवढं तांबं. ज्वाला हिरवी होत नाही, शाळेतला मोरचुदाचा प्रयोग इथे दिसत नाही. पडद्यावर फक्त आकडा येतो.

आणि तो आकडा फसवा आहे. निरोगी मेंढीच्या रक्तात लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम तांबं असतं. यकृत भरत असतानाही, आठवडेच्या आठवडे, ते तेवढंच राहतं. फार तर यकृताची एएसटीसारखी एन्झाइम्स रक्तात वाढू लागतात. मग प्रवास, लोकरकातरणी किंवा वीण असा एखादा ताण येतो, यकृत साठा सोडतं, रक्तपेशी फुटतात आणि लघवी गडद तांबडी होते. आता कुठे सीरममधलं तांबं कित्येक पट चढतं. शवविच्छेदनात मूत्रपिंडं निळसर काळी निघतात.

सीरममधलं तांबं यकृताच्या साठ्याखेरीज संप्रेरकांनीही हलतं, म्हणून थायरॉइडचा प्रश्न इथे येतो. विषबाधित जनावराला थायरॉइडचं संप्रेरक थायरॉक्सिन दिलं तर रक्तातली खनिजं कशी हलतात, हे तपासायचं तर किमान चार गट हवेत: काही न दिलेला, फक्त तांबं, फक्त थायरॉक्सिन आणि दोन्ही. मांडणी सोपी आहे, अर्थ लावणं नाही. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात असतं. ते यकृत बनवतं आणि थायरॉइडचं संप्रेरक त्याचं उत्पादन वाढवू शकतं. थायरॉइड अतिक्रियाशील असलेल्या माणसांतही सीरममधलं तांबं वाढलेलं आढळतं. म्हणजे चौथ्या गटात तांबं वाढलं तर ते यकृतातून सुटलेलं की प्रथिनाबरोबर आलेलं, हे ज्वाला सांगत नाही. तिला तांब्याचा अणू कळतो, त्याचा पत्ता नाही. कॅल्शियमचंही तसंच, कारण जादा थायरॉक्सिन हाडांतून ते बाहेर काढतं. उलट दिशेनेही धागा आहे: थायरॉक्सिनला कार्यक्षम रूप देणारं एन्झाइम सेलेनियमवर चालतं.

माझ्या मते सेरुलोप्लाझ्मिन वेगळं मोजल्याशिवाय आणि यकृताचा तुकडा तपासल्याशिवाय अशा चार गटांच्या प्रयोगाचा तक्ता छापूच नये. कळपापुरतं मात्र थांबायला वेळ नसतो. मेंढ्यांचे आकडे 'नॉर्मल' आले तरी मिश्रण त्याच दिवशी बंद करायचं आणि पशुवैद्याच्या देखरेखीखाली अमोनियम मोलिब्डेट व सोडियम सल्फेट सुरू करायचं.