‘विचारणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ : इंग्लंडमधील युवक-सेवा आणि लोकमताची विचारणा

इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिल एखादे युवक-केंद्र बंद करण्यापूर्वी, अथवा ते स्वयंसेवी संस्थेकडे सोपविण्यापूर्वी, तेथील रहिवाशांचे मत मागविते. या प्रक्रियेस इंग्रजीत ‘कन्सल्टेशन’ म्हणतात. आपण त्यासाठी ‘सल्लामसलत’, ‘विचारविनिमय’, ‘परामर्श’ असे शब्द योजतो. परंतु या शब्दांत उभय पक्ष एका बैठकीवर बसून बोलत असल्याची कल्पना अनुस्यूत आहे. वस्तुतः येथे एक पक्ष प्रश्न लिहितो, दुसरा उत्तर देतो आणि निर्णय पहिल्याच पक्षाच्या हाती राहतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘विचारणा’ हा साधा शब्द वापरला आहे. ‘विचारणे’ या क्रियापदात मराठीने दोन अर्थ एकत्र नांदविले आहेत : प्रश्न करणे हा एक, आणि दखल घेणे हा दुसरा. ‘घरात त्याला कोणी विचारीत नाही’ या वाक्याचा प्रश्नाशी काहीच संबंध नाही. पहिल्या अर्थाने विचारले म्हणजे दुसऱ्या अर्थानेही विचारले असे होते काय, याच प्रश्नाशी इंग्लंडमधील न्यायालये गेली चाळीस वर्षे झगडत आली आहेत.

युवक-सेवा म्हणजे शाळेबाहेरच्या वेळात तरुण मुलामुलींना एकत्र जमण्यास जागा, खेळ, संगीत, नाटक यांची सोय, आणि अडीअडचणीत ज्याच्याशी बोलता येईल असा प्रशिक्षित कार्यकर्ता. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर निघालेल्या शासकीय परिपत्रकाने तिची जबाबदारी स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांवर टाकली; १९६० च्या आल्बेमार्ल समितीच्या अहवालानंतर इमारती उभ्या राहिल्या व कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था झाली. २०१० नंतर केंद्र सरकारकडून कौन्सिलांना मिळणारे अनुदान घटू लागले आणि कात्री प्रथम या सेवेवर चालली. पुढील दशकात तिच्यावरील खर्च, महागाईचा हिशेब धरता, दोन-तृतीयांशाहून अधिक कमी झाला. याचे कारण कायद्याच्या शब्दांतच सापडते. १९९६ च्या शिक्षण कायद्यात मागाहून घातलेले कलम ५०७-ब कौन्सिलवर ही सेवा पुरविण्याचे कर्तव्य टाकते खरे. पण ‘व्यवहारतः शक्य असेल तेथवर’ ही पुस्ती जोडून. एवढ्या एका क्रियाविशेषण-वाक्याने कर्तव्याची धार बोथट झाली आहे.

त्याच कलमाचा दुसरा भाग मात्र अधिक कणखर आहे. तेरा ते एकोणीस वर्षे वयाच्या (शिकण्यात अडचण असल्यास चोविसाव्या वर्षापर्यंतच्या) तरुणांची मते जाणून घ्यावीत आणि ती विचारात घेतली जातील अशी तजवीज करावी, असे तेथे म्हटले आहे. नॉर्थ सॉमरसेट कौन्सिलने २०१२ च्या अर्थसंकल्पात या सेवेची रक्कम कमी केली तेव्हा एका अपंग तरुणाने न्यायालयात धाव घेतली. कपातीच्या परिणामांची टिपणे सभासदांनी वाचली असतील असे नुसते गृहीत धरता येत नाही, असे म्हणून २०१३ मध्ये अपील न्यायालयाने कौन्सिलला दोषी ठरविले. परंतु तोवर ते आर्थिक वर्ष सरून गेले होते. म्हणून निर्णय रद्द झाला नाही. इतकेच नव्हे, तर कौन्सिलच्या खर्चाचा निम्मा भाग त्या तरुणानेच भरावा असा आदेश झाला. तो फिरविण्यास २०१५ साल व सर्वोच्च न्यायालय लागले. २०१२ मध्ये तेरा वर्षांचा असलेला मुलगा तोवर सोळा वर्षांचा झाला होता.

विचारणा योग्य केव्हा म्हणावी याचे निकष १९८५ च्या एका खटल्यात मांडले गेले. लंडनमधील ब्रेंट येथील शाळांच्या पुनर्रचनेचा तो वाद होता. प्रस्ताव घडत असतानाच विचारावे, कारणे पुरेशी सांगावीत, उत्तरास अवधी द्यावा, आणि आलेल्या उत्तरांचा प्रामाणिकपणे विचार करावा, असे ते चार निकष. भाषाभ्यासकास यांपैकी दुसरा सर्वाधिक विचारप्रवर्तक वाटेल. कारण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आधारे व्याकरणाच्याच प्रांतात प्रवेश केला, असे म्हणावयास हरकत नाही. हा खटला हॅरिंगे या दुसऱ्या लंडन-विभागातील करसवलतीचा होता, युवक-सेवेचा नव्हे. पण त्यात निंद्य ठरलेला प्रश्नाचा साचा सर्वत्र आढळतो. अनुदानातील तूट सवलत घेणाऱ्या गरीब कुटुंबांकडूनच भरून काढणे अटळ आहे, असे गृहीत धरून कौन्सिलने लोकांना पत्र पाठविले होते. स्थानिक कर वाढविणे, अन्य सेवांना कात्री लावणे, शिल्लक रक्कम वापरणे, हे मार्गही होते. ते का नाकारले हे न सांगता केलेली विचारणा बेकायदा ठरली.

यास आपण पूर्वगृहीत म्हणतो. ‘केंद्र आठवड्यातून दोन दिवस उघडे ठेवावे की एक दिवस?’ असे कोणी विचारले, तर यांतील कोणतेही उत्तर देणारा तिसऱ्या दिवसाचा हक्क न कळत सोडून देतो. ‘खर्चात बचत करावी लागणार आहे’ या वाक्यात ‘लागणे’ या सहायक क्रियापदाने सक्ती येते, पण सक्ती करणारा दिसत नाही. इंग्रजी कर्मणी प्रयोगही हेच काम करतो. कर्ता लपला की त्याला प्रश्न विचारण्याची सोयही नाहीशी होते. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असे मी मानीत नाही. कार्यालयीन भाषेला तशी सवयच जडलेली असते. तथापि उत्तर देणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम तोच.

शब्दसंग्रहाचा प्रश्न याहून बिकट आहे. नमुन्यात ‘सार्वत्रिक सेवा’ व ‘लक्ष्यित सेवा’ यांतून निवड करावयास सांगितले, तर पंधरा वर्षांच्या मुलीने त्यातून काय समजावे? तिला विचारावयाचे ते असे : शुक्रवारी संध्याकाळी दार कोणालाही उघडे असावे, की ज्यांची नावे अधिकाऱ्यांनी पाठविली आहेत त्यांनाच? पहिल्या रचनेत ती तांत्रिक संज्ञांपुढे गप्प बसेल. दुसऱ्या रचनेत तिचे मत ठाम असण्याचा संभव आहे.

शिवाय छापील नमुना भरण्याचा उत्साह प्रौढांस अधिक. मुले ज्याच्यापाशी मोकळेपणाने बोलतात तो केंद्रातील कार्यकर्ता. आणि त्याचीच नोकरी निकालावर टांगलेली असल्यामुळे त्याने आणलेले मत कौन्सिलला पक्षपाती वाटू शकते. माझ्या मते हा धोका पत्करण्याजोगा आहे. मते कार्यकर्त्याने गोळा करावीत, वर्गीकरण बाहेरच्या व्यक्तीने करावे, आणि मुलांची वाक्ये सारांश न करता, जशीच्या तशी, सभासदांच्या कागदपत्रांना जोडावीत.