कुलूप आखूड चालेल, बारीक नको!

न्यूयॉर्कमधले चोर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या एका प्रसिद्ध सायकल-साखळीचं वजन जवळजवळ 5 किलो आहे. कड्या 14 मिलिमीटर जाड, लांबी मीटरभर. चांगली रोड बाइक स्वतःच 8-9 किलोची असते. आता सायकल मिरवायची की साखळी?

दुसऱ्या टोकाला आपलं लाडकं केबल लॉक. रंगीत प्लॅस्टिकच्या नळीतली तारेची दोरी, गुंडाळली की सॅकच्या कप्प्यात मावते. साध्या कटरने ती चुटकीसरशी तुटते. रंग मात्र झकास मिळतात.

साखळीच्या ओझ्यामागे शाळेतलं गणित आहे. कुलपाच्या दांडीची जाडी दुप्पट केली की लोखंड चौपट लागतं. 8 मिलिमीटरच्या दांडीला हातातला बोल्ट कटर पुरतो. 16 मिलिमीटरपुढे तो घाम फोडतो. म्हणजे जाडीत काटकसर करून भागत नाही. करायची तर लांबीत करा. आखूड यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या दांडीचं कुलूप, हलकं तर असतंच, वर पक्कंही. कारण यूच्या पोटात जागा उरली की चोर तिथे जॅक घालून कुलूप फाकवतो. जागाच नसेल तर जॅक घालणार कुठे?

‘पण एवढंसं कुलूप फ्रेमला, चाकाला आणि खांबाला एकदम पुरणार कसं?’ याचं उत्तर शेल्डन ब्राउन या अमेरिकन मेकॅनिकने देऊन ठेवलंय. सायकलवाल्यांच्या जगात या माणसाचा शब्द प्रमाण. तो सांगायचा, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात मागच्या चाकाची जेवढी रिम येते, तिच्याभोवती यू-लॉक घाला आणि खांबाला अडकवा. फ्रेमच्या नळीला वेढा घालायची गरजच नाही. कुलूप अडकलेलं चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघत नाही, म्हणून फ्रेमही जागच्या जागी. पुढच्या चाकाला क्विक रिलीज (हाताने चाक सोडवायची खिटी) असेल तर ते चाक काढून मागच्याशेजारी अडकवा. केबल लॉक घरात पडलंच असेल, तर ते पुढच्या चाकाला घाला. तेवढ्या कामाचं ते आहे.

यू-लॉकची कीर्ती झाली ती 1970च्या दशकाच्या सुरुवातीला. क्रिप्टोनाइट या अमेरिकन कंपनीच्या कुलपाने एक सायकल न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये महिनाभर रस्त्यावर बांधून ठेवली होती. निघण्यासारखा एकेक भाग चोरांनी सोलून नेला, कुलूप मात्र हटलं नाही. नाव सुपरमॅनला लोळवणाऱ्या दगडाचं! पण 2004मध्ये याच कंपनीला साध्या बॉलपेनने लोळवलं. गोल भोकाच्या किल्लीची त्यांची कुलपं पेनाची पोकळ नळी दाबून फिरवली की उघडतात, हे व्हिडिओसकट जगजाहीर झालं आणि कंपनीला ग्राहकांची कुलपं फुकट बदलून द्यावी लागली. तुमच्याकडे तसलं गोल भोकाचं जुनं कुलूप असेल तर ते आता माळ्यावर टाका.

चोरालाच शिक्षा करणारं कुलूपही निघालं. 2016मध्ये जाहीर झालेलं स्कंकलॉक कापायला गेलं की आतून असा उग्र वायू सुटतो म्हणे, की ओकारीच यावी. कल्पना भारी, पण मी विकत घेणार नाही. शेजारून जाणाऱ्या आजोबांनी काय पाप केलंय?

नंबरच्या कुलपात चार आकड्यांच्या 10,000 जोड्या होतात. सेकंदाला एक याप्रमाणे सगळ्या तपासायला पावणेतीन तास. पण लावताना बरेच जण एकच चकती दोन घरं सरकवतात आणि निघतात, म्हणजे चोराचं काम काही सेकंदांत! चारही चकत्या फिरवा.

आपल्या काळ्या घोड्यांवरचं, म्हणजे जुन्या काळ्या सायकलींवरचं, मागच्या चाकाचं कुलूप आठवतं? खट्कन दांडी आरपार जायची. उघडं असताना किल्ली त्यातच अडकलेली, त्यामुळे ‘किल्ली घरी राहिली’ हा प्रश्नच नाही. कायम फ्रेमवर, ओझं शून्य. नेदरलँड्समध्ये ते आजही घरोघर दिसतं. पुण्यात 2017-18च्या सुमाराला भाड्याच्या सायकली आल्या, त्यांच्या चाकालाही हेच कुलूप होतं, फक्त किल्लीच्या जागी मोबाइल. उणीव एकच, सायकल खांबाला बांधली जात नाही. चोर ती उचलून टेम्पोत टाकू शकतो. दूध आणायला ठीक, सिनेमाला नाही.

कुलूपच नको म्हणणारेही होऊन गेले. ॲम्स्टरडॅममध्ये 1965 साली प्रोव्हो नावाच्या बंडखोर मंडळींनी पांढऱ्या सायकली सगळ्यांसाठी रस्त्यावर मोकळ्या सोडल्या. पोलिसांनी त्या उचलल्या, कारण सायकल बिनकुलपाची ठेवणं नियमात बसत नव्हतं. मंडळींनी मग नंबरची कुलपं लावली आणि नंबर सायकलवरच रंगवून टाकले!

धातू कापणाऱ्या ग्राइंडरपुढे बहुतेक कुलपं शेवटी हार मानतात. आपण विकत घेतो ती चोराची मिनिटं. म्हणून रोज एकाच ऑफिसला जात असाल तर जड साखळी तिथल्या स्टँडलाच राहू द्या आणि सोबत आखूड यू-लॉक ठेवा. खरेदीला जाताना सायकल घेऊन जा, दुकानाबाहेरच्या खांबाला कुलूप लावून बघा आणि बसलं तरच पैसे द्या.