रेपियर मागाला कोन कसा कळतो?

भिवंडी-मालेगावात साध्या यंत्रमागावर वाढलेल्या घरात हे सांगायला नको की धोटा कधी फेकायचा, फणी कधी ठोकायची ते लोखंडी कॅम आणि गिअर ठरवतात. नव्या रेपियर मागात यातली बरीच कामं इलेक्ट्रॉनिक कार्डाकडे गेलीत. मग कार्डाला कसं कळतं की मुख्य शाफ्ट आत्ता कितव्या अंशावर आहे? ते सांगतो एन्कोडर.

वस्तू साधीच. शाफ्टला जोडलेली एक चकती, तिच्यावर बारीक खाचा, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा सेन्सर. चकती फिरली की उजेड-अंधार, उजेड-अंधार, म्हणजेच पल्स. पण नुसत्या पल्सवरून शाफ्ट पुढे फिरतोय की उलटा, हे कळत नाही. म्हणून ए आणि बी असे दोन सिग्नल घेतात, पाव पल्सच्या फरकाने. ए आधी आला तर एक दिशा, बी आधी आला तर उलटी. 1024 पल्सच्या एन्कोडरवर दोन्ही सिग्नलच्या चढ-उतार कडा मोजल्या की एका फेऱ्यात 4096 पायऱ्या मिळतात, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक. तिसरा झेड सिग्नल फेऱ्यातून एकदाच येतो. तो शून्याची खूण.

आता लाईट गेली तर? या प्रकाराला, म्हणजे इन्क्रिमेंटलला, मोजलेलं आठवत नाही. लाईट आल्यावर झेड सापडेपर्यंत तो आंधळाच. ॲब्सोल्यूट एन्कोडरच्या चकतीवर प्रत्येक जागेला स्वतःचा कोड असतो, त्यामुळे वीज येताच तो जागा सांगतो. त्यात बहुधा ग्रे कोड वापरतात. बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांना त्याचं पेटंट 1953 मध्ये मिळालं. पुढच्या जागेवर जाताना एकच बिट बदलतो, म्हणून वाचताना मोठी चूक होत नाही.

माग चुकीच्या कोनावर थांबायला लागला की बरेच जण आधी कार्ड बदलतात. हजारोंचा खर्च, आणि बिघाड तिथेच! आयटीआयच्या मुलांनो, आधी माग बंद करून, मेन स्विच काढून कपलिंगचा स्क्रू हाताने तपासा. तो ढिला असेल तर शाफ्ट फिरतो, चकती मागे राहते. मग केबल बघा: शील्डचं अर्थिंग तुटलंय का, ती मोटरच्या वायरीला चिकटून नेलीय का. सील खराब असेल तर कापसाचा भुगा आणि तेल आत जाऊन पल्स गाळतात. अशा जागी मॅग्नेटिक एन्कोडर बरा, त्याला उजेड लागतच नाही.

आणि एन्कोडर काढण्याआधी शाफ्टवर खडूने खूण करून ठेवा. नाहीतर शून्य पुन्हा जुळवण्यात अख्खी पाळी जाते.